पाखरांचे रंग आणि आरोग्याची साक्ष : जहांगिराच्या टर्कीपासून नेरूळच्या रोहितापर्यंत

वाचकहो, पाखरांचे रंग ही केवळ कुदरतीची शोभा आहे, की त्या रंगांतून काही सांगितलेही जात असते? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर शोधण्यात माणसाची काही शतके गेली आहेत. या शोधात बादशहा आहेत, चित्रकार आहेत, मुंबईचा एक अनाथ मुलगा आहे, कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतील एक गरीब मदतनीस आहे आणि सातासमुद्रापलीकडचे शास्त्रज्ञही आहेत. आणि आज या शोधाची वाट आपल्या घराशी, म्हणजे नवी मुंबईच्या खाडीकाठी येऊन पोहोचली आहे. म्हणून या इतिहासाचा थोडक्यात आढावा आपल्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या घरगुती अनुभवाकडे पाहू. कोकणातील कोणतीही अनुभवी गृहिणी बाजारात कोंबडी किंवा कोंबडा विकत घेताना आधी काय पाहते? ती त्याच्या डोक्यावरचा तुरा पाहते. तुरा लालभडक आणि ताठ असला तर पाखरू निरोगी; तुरा फिकट, सुकलेला, एका बाजूला कललेला असला तर ती पाखरू परत करते. तिला हे कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले हे शहाणपण आहे. बाज आणि शिकरे पाळणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांचेही असेच होते. फारसी भाषेत ‘बाजनामा’ या नावाने ओळखली जाणारी जी ग्रंथपरंपरा आहे, तिच्यात शिकारी पक्ष्यांची निगा, त्यांचे आजार आणि त्यांवरील उपचार यांची सविस्तर चर्चा असते. पाखराच्या अंगावरून त्याची प्रकृती ओळखणे ही या लोकांची विद्याच होती. तेव्हा रंगाचा आणि प्रकृतीचा काही संबंध आहे, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. तो संबंध का आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

बादशहांच्या नोंदी

आपल्या देशात पक्ष्यांच्या रंगांची डोळसपणे नोंद ठेवणाऱ्यांत मोगल बादशहांचे नाव आदराने घ्यावे लागते. बाबर १५०५ साली गझनीच्या दक्षिणेकडील आब-ए-इस्तादा या खाऱ्या तलावाजवळून जात होता. त्या वेळी पाणी आणि आकाश यांच्यामध्ये काहीतरी लालसर दिसते आणि नाहीसे होते, असे त्याच्या दृष्टीस पडले. जवळ गेल्यावर कळले, की तो हजारो पक्ष्यांचा थवा आहे. पंख उघडले की लाली दिसते, मिटले की झाकली जाते. हे पक्षी म्हणजे रोहित, ज्यांना आज आपली मुले फ्लेमिंगो या नावाने ओळखतात. मोहिमेच्या धामधुमीत असलेला एक तरुण सेनानी हा चमत्कार पाहून तेथेच थांबत नाही. जवळ जाऊन खात्री करतो आणि आपल्या आत्मचरित्रात तो लिहून ठेवतो, ही गोष्ट लहान नव्हे.

बाबराचा पणतू जहांगीर हा तर जातीचा निरीक्षक. १६१२ साली त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याच्या बंदरातून काही दुर्मीळ प्राणी व पक्षी खरेदी करून दरबारी आणले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि अमेरिका खंडातून निघालेल्या नवलाईच्या वस्तू तेथे उतरत असत. त्यांत टर्की हा पक्षी होता. जहांगिराने त्याचे जे वर्णन केले आहे, त्यात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की त्याचे लक्ष पिसांपेक्षा डोक्यावरील व मानेवरील उघड्या कातडीकडे गेले. ही कातडी घटकेत पोवळ्यासारखी लाल होते, घटकेत पांढरी पडते, तर कधी फिरोजी रंगाची दिसते, आणि सरड्याप्रमाणे हा बदल चालू असतो, असे त्याने नोंदविले. एवढ्यावरच न थांबता त्याने आपल्या चित्रकारांना या प्राण्यांची चित्रे काढावयास सांगितली. बाबराने प्राण्यांचे वर्णन केले, परंतु चित्रे करवून घेतली नाहीत. आपण दोन्ही करीत आहोत, हे त्याने अभिमानाने लिहिले आहे. उस्ताद मन्सूर याचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जहांगिराने कातडीचा रंग बदलतो हे पाहिले. तो का बदलतो हे त्याला सांगता आले नाही. त्यात त्याचा दोष नाही. रक्ताभिसरण, परोपजीवी जंतू, रोगप्रतिकारशक्ती या कल्पनांचा तेव्हा जन्मच व्हावयाचा होता. तथापि अचूक नोंद ही विज्ञानाची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी आपल्या भूमीवर चढली गेली होती, हे आपण विसरू नये. विसाव्या शतकात एका संशोधकाने ही आठवण जागविली. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर त्यांनी १९२७ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली.

गळ्यावरील पिवळा ठिपका

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरी ते वाढले. १९०८ च्या सुमारास त्यांनी हवाई बंदुकीने एक चिमणी टिपली. ती हातात घेतल्यावर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. हा कोणता पक्षी, हे विचारण्यासाठी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी तो पक्षी पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेकडील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या मुलाला दाखविला. भारताला त्याचा थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला तो असा, एका रंगाच्या ठिपक्यामुळे.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सलीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागाही त्यांना नाकारली गेली. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्याकडे शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते परत आले तेव्हा हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळील किहीम येथे राहत असताना त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. विणीच्या हंगामात सुगरणीच्या नराच्या डोक्यावर व छातीवर झळझळीत पिवळा रंग चढतो. हंगाम सरला की तो मादीसारखाच मळकट दिसू लागतो. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तरच संसार थाटते. आणि मग तोच नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे सारे त्यांनी धीराने पाहिले आणि १९३१ साली प्रसिद्ध केले. पाखरांच्या दुनियेत निवड करणारी बहुधा मादी असते, आणि नराला आपली लायकी सिद्ध करावी लागते, ही गोष्ट किहीमच्या झाडांवर स्पष्ट दिसली.

‘का?’ या प्रश्नाचा प्रवास

आता युरोपकडे वळू. चार्ल्स डार्विन याने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की मोराचा पिसारा किंवा कोंबड्याचा तुरा हा जगण्याच्या झगड्यात उपयोगी पडत नाही. परंतु मादीला तो आवडतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो वाढत गेला. त्याचा समकालीन वॉलेस याला हे पटले नाही. त्याच्या मते भडक रंग हा अंगातील जोमाचा परिणाम होता. एक म्हणे आवड, दुसरा म्हणे जोम. हा वाद पुढे शंभर वर्षे रेंगाळला.

१९७५ साली इस्राएलमधील जीवशास्त्रज्ञ झहावी यांनी एक नवा विचार पुढे आणला. ते म्हणाले, की संदेश खरा ठरण्यासाठी तो महाग असला पाहिजे. साधे उदाहरण घेऊ. तोंडाने ‘मी श्रीमंत आहे’ असे कोणीही म्हणेल. परंतु गावाला जेवण घालणे हे ज्याच्याजवळ आहे त्यालाच जमते. त्याप्रमाणे लांब पिसारा किंवा तेजस्वी रंग हा अशक्त पाखराला परवडत नाही. म्हणूनच तो विश्वासार्ह ठरतो.

यानंतर १९८२ साली हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी या विचाराला आजाराची जोड दिली. पाखरांच्या रक्तात मलेरियासारखे अनेक परोपजीवी असतात. ज्या नराचा रंग उजळ, त्याने या परोपजीवींवर मात केलेली असावी; आणि असा नर निवडणारी मादी आपल्या पिलांसाठी तीच प्रतिकारशक्ती निवडते, असे त्यांचे म्हणणे होते. पाखरांच्या मलेरियाचा उल्लेख आला म्हणून सांगतो : हा आजार डासांमुळे एका पाखराकडून दुसऱ्याकडे जातो, हे सर रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कलकत्त्यात सिद्ध केले. त्या कामात डास गोळा करण्यापासून पाखरांची निगा राखण्यापर्यंत त्यांना मदत करणाऱ्या माणसाचे नाव महंमद बक्ष असे होते. नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. महंमद बक्षाचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. ते आपल्या मुलांना ठाऊक असावे.

कोकणच्या गृहिणीचे शहाणपण प्रयोगाने तपासण्याचे कामही झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केले. आपल्या घरगुती कोंबड्यांचा पूर्वज म्हणजे रानकोंबडा. या जातीच्या काही पिलांना त्यांनी आतड्यातील जंतांची लागण केली आणि काहींना निरोगी ठेवले. मोठे झाल्यावर जंत झालेल्या नरांचे तुरे फिकट व लहान निघाले, आणि माद्यांनी निरोगी नरांना अधिक पसंती दिली. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तुऱ्याची लाली रक्तामुळे असते. अंगात जंत असले की तुऱ्यावर खर्च करण्यास शरीराजवळ काही उरत नाही. जहांगिराच्या टर्कीचीही अशीच परीक्षा झाली. नर टर्कीच्या चोचीवरून जी मांसल सोंड लोंबते ती लांब असणे माद्यांना पसंत पडते, आणि लांब सोंडेच्या नरांच्या अंगात आतड्याचे परोपजीवी कमी आढळतात, असे बुखोल्ट्‌स या अमेरिकन संशोधकाने दाखविले. गोव्याहून आलेल्या त्या पक्ष्याच्या कातडीचे कोडे असे जवळजवळ चार शतकांनी थोडेसे उलगडले.

रंग येतो कोठून?

पिसांचे रंग सर्व एका प्रकारचे नसतात. मोराचा निळा रंग हा पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून दिसतो. काळा व तपकिरी रंग पाखराचे शरीर स्वतः तयार करते. परंतु पुष्कळ पाखरांचे पिवळे, नारिंगी आणि लाल रंग हे कॅरोटिनॉईड नावाच्या द्रव्यांपासून येतात. गाजराला जो रंग येतो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. ही द्रव्ये पाखराला स्वतः बनविता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. शिवाय हीच द्रव्ये शरीराच्या संरक्षणाच्या कामीही येतात. म्हणजे आजारी पाखरापुढे घरखर्चासारखा प्रश्न उभा राहतो : असलेली शिल्लक दवापाण्यावर खर्च करावयाची, की कपड्यांवर? ज्याच्याजवळ भरपूर आहे तोच दोन्ही करू शकतो.

याचे दोन दाखले पाहू. अमेरिकेत हाऊस फिंच नावाचे चिमणीएवढे पाखरू आहे. त्याच्या नराची छाती पिवळट ते लालभडक अशा निरनिराळ्या छटांची असते. जेफ्री हिल यांनी १९९१ मध्ये दाखविले, की माद्या अधिक लाल नर निवडतात आणि हे नर पिलांना अधिक चारा भरवितात. १९९४ पासून या पक्ष्यांत डोळ्यांच्या आजाराची मोठी साथ पसरली. त्या साथीत लाल नर फिकट नरांपेक्षा अधिक संख्येने वाचले.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातही दिसणाऱ्या पांढऱ्या गिधाडाचा. याच्या चेहऱ्याची उघडी कातडी पिवळीधमक असते. मांसात असे रंगद्रव्य फारसे नसते. मग हा पिवळेपणा येतो कोठून? हा पक्षी गुराढोरांचे शेण खाताना दिसतो. स्पेनमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले, की चाऱ्यातील पिवळे द्रव्य शेणात उरते आणि तेच या गिधाडाच्या चेहऱ्यावर येते. शेणात पोषण ते किती? तरीही केवळ रंगासाठी पाखरू ते खाते, आणि त्यातील जंतांचा धोकाही पत्करते. ज्याची प्रकृती भक्कम, त्यालाच हे झेपते.

तथापि एक सावधगिरी येथेच नोंदविली पाहिजे. सर्व पाखरांत रंग आणि आरोग्य यांचा हिशेब इतका सरळ जुळत नाही. मोराचेच पाहा. इंग्लंडमध्ये मारियन पेट्री यांना १९९१ मध्ये असे आढळले, की ज्याच्या पिसाऱ्यावर डोळे अधिक त्या मोराला लांडोरी अधिक मिळतात. परंतु जपानमध्ये सात वर्षे निरीक्षण करून ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली लिहिले, की आम्हांला असा संबंध दिसला नाही. विज्ञानात असे मतभेद होतात. त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. ते लपविण्यात मात्र लाज आहे.

आमच्या खाडीचे पाहुणे

आता आपल्या दाराशी येऊ. ठाण्याच्या खाडीच्या एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ही आपली वस्ती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि मिठागरे, भातखाचरे व कोळीवाडे यांच्या या पट्ट्यात नवे शहर उभे राहिले. १९९० च्या दशकापासून या खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरू लागले. ते साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मोठा रोहित आणि लहान रोहित अशा दोन जाती येथे येतात. त्यांत लहान रोहितांची संख्या फार मोठी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत काही हंगामांत दोन्ही मिळून एक लाखाहून अधिक पक्षी आढळले आहेत. २०१५ साली शासनाने खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग रोहितांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

हे पक्षी वीण करतात ती कच्छच्या रणात. तेथील रोहितांच्या वसाहतीला सलीम अली यांनी १९४५ साली भेट दिली आणि पक्ष्यांची संख्या सुमारे पाच लाख असावी, असा अंदाज केला. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्यात आली. त्यांतील एकाचे नाव ‘सलीम’, एकाचे ‘हुमायून’ आणि एकाचे चक्क ‘नवी मुंबई’ असे ठेवले गेले. हुमायून हे नाव मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या स्मरणार्थ आहे. पक्ष्यांच्या संरक्षणासाठी मुंबई राज्यात १९५१ साली जो कायदा झाला, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. हा ‘हुमायून’ रोहित गुजरातेत जाऊन पुन्हा आपल्या खाडीवर परत आला.

रोहिताचा गुलाबी रंग हा आपल्या विषयाचा उत्तम नमुना आहे. अंड्यातून बाहेर येणारे पिलू करड्या-पांढऱ्या रंगाचे असते. लहान रोहित चोच उलटी पाण्यात बुडवितो, जिभेच्या साहाय्याने पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतील बारीक जाळीने नील-हरित शैवाल व इतर सूक्ष्म वनस्पती गाळून घेतो. मोठा रोहित याशिवाय लहान कोळंबीसारखे जीवही खातो. या अन्नातील कॅरोटिनॉईड यकृतात बदलून पिसांत, पायांत व कातडीत उतरते. प्राणिसंग्रहालयात नुसत्या दाण्यावर ठेवलेले रोहित फिकट पडतात. म्हणून त्यांच्या खाद्यात हे रंगद्रव्य मुद्दाम मिसळावे लागते. इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाळलेल्या लहान रोहितांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की अधिक गुलाबी पक्षी अन्नासाठी अधिक भांडतात. रंग हा तेथे ताकदीची निशाणी ठरला.

परंतु हा पक्षी थोडी सजावटही करतो! स्पेनमधील संशोधकांनी २०११ साली दाखविले, की मोठे रोहित शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतील रंगयुक्त तेल गालाने मानेला व छातीला चोळतात. जोडीदार शोधण्याच्या महिन्यांत ही सजावट जोरात असते; पिले झाल्यावर ती बंद पडते. मात्र हे तेलही फुकट मिळत नाही. त्यासाठी अंगात रंगद्रव्याची शिल्लक आणि हाताशी वेळ लागतो.

फिकटपणा म्हणजे आजारच का?

येथे आपण घाईने निष्कर्ष काढू नये. नेरूळच्या तलावाकाठी उभे राहून एखादा करड्या रंगाचा रोहित दिसला, की काही लोक तो आजारी आहे असे म्हणतात. बहुतेक वेळा तो आजारी नसतो, लहान असतो. पूर्ण गुलाबी रंग चढण्यास काही वर्षे लागतात. दुसरे असे, की रोहित आईबाप आपल्या खाद्यनलिकेत तयार होणारे लालसर ‘दूध’ पिलाला पाजतात. त्या दुधातून त्यांचे रंगद्रव्य पिलाकडे जाते आणि आईबाप स्वतः फिकट पडतात. त्यांचा हा फिकटपणा आजाराचा नसून संगोपनाचा असतो. ज्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या अंगावरचे नवे कपडे टाळले, अशा पालकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याचप्रमाणे पाखरांचा हा नियम माणसाच्या कातडीला लावण्याची चूक कोणी करू नये. माणसाचा गोरा वा काळा वर्ण हा त्याच्या आरोग्याची किंवा योग्यतेची निशाणी नव्हे. कुरआन शरीफच्या सूरह फातिरमध्ये डोंगर, माणसे आणि प्राणी यांच्या रंगांतील विविधतेचा उल्लेख येतो आणि तेथेच इल्म असणाऱ्यांचाही उल्लेख येतो. रंगांचे वैविध्य हे तुच्छतेसाठी नसून चिंतनासाठी आहे, असाच त्याचा बोध घेतला पाहिजे.

आता सर्वांत कठीण प्रश्न. पाखरे गुलाबी आहेत, मग आपली खाडी निरोगी आहे असे म्हणावे काय? येथे उत्तर सावधपणे द्यावे लागते. गुलाबी रंग एवढेच सांगतो, की पाखराला शैवाल भरपूर मिळाले. हे शैवाल इतके का वाढले? खाडीत येणाऱ्या शहरी सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांनी त्याला खत पुरविले, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे ज्या घाणीमुळे कोळ्याच्या जाळ्यात मासळी कमी येते, तीच घाण रोहिताचे ताट भरते. हे ताट किती दिवस पुरेल? आफ्रिकेतील केनियात नाकुरू तलावावर लहान रोहितांचे असेच लाखोंचे थवे असत. १९९३ आणि १९९५ साली तेथे हजारो रोहित मेले. शैवालातील विष, जड धातू आणि जिवाणू यांच्याकडे संशयाचे बोट दाखविले गेले. तेव्हा रंग हा पाखराच्या पोटाचा दाखला आहे. पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे. ते प्रमाणपत्र पाणी तपासूनच मिळते.

पाण्याचा प्रश्न आपल्या अगदी जवळचा आहे. भरतीच्या वेळी खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा रोहित नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळींवर विसाव्याला येतात. नेरूळचा सुमारे ३० एकरांचा डी.पी.एस. तलाव हा त्यांतील एक. २०२४ च्या उन्हाळ्यात या तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि तळ कोरडा पडू लागला. त्याच सुमारास त्या परिसरात काही रोहित मृत आणि काही जखमी आढळले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या एका विमानाची रोहितांच्या थव्याला धडक बसून तीसहून अधिक पक्षी दगावले. अशा अपघातात पाखराचा रंग आणि त्याचे आरोग्य काय कामाचे? नागरिकांनी तलावासाठी आवाज उठविला, आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. ही समाधानाची बाब आहे. तथापि कागदावरील मान्यतेने तलाव भरत नाही. भरतीचे पाणी आत येण्याची वाट मोकळी राहिली, तरच तो भरतो.

आपल्या हाती काय?

वाचकहो, आपल्या संस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांची घरे या खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्यासाठी ही खाडी म्हणजे उघडी प्रयोगशाळा आहे. एक वही, एक पेन्सिल आणि जमल्यास एक दुर्बीण एवढ्या सामानावर काम सुरू होऊ शकते. कोणत्या तारखेला पहिला थवा आला, किती पक्षी करडे होते आणि किती गुलाबी, भरती केव्हा होती, तलावात पाणी होते की नव्हते, या गोष्टी दर आठवड्याला टिपाव्यात. थव्यापासून दूर राहावे, आरडाओरडा करू नये, दगड तर मुळीच मारू नये. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला शाळेची सहल नेता येते. पाच वर्षे नेटाने ठेवलेली अशी नोंदवही एखाद्या शासकीय बैठकीत मोठमोठ्या भाषणांपेक्षा अधिक वजनदार ठरेल.

या कामाला पदवी लागत नाही, हे सलीम अलींनी दाखवून दिले. गरिबी आड येत नाही, हे महंमद बक्षाने दाखवून दिले. मोठेपणाही आड येत नाही, हे राज्याचा कारभार सांभाळून टर्कीची मान न्याहाळणाऱ्या बादशहाने दाखवून दिले. लागते ती पाहण्याची सवय आणि जसे दिसले तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणा. पाखरे आपल्या प्रकृतीची हकीकत अंगावर घेऊन दर हिवाळ्यात आपल्या दारी येतात. ती वाचण्याची तालीम आपल्या मुलांना देणे हे आपले, म्हणजे शिक्षकांचे आणि पालकांचे काम आहे. आणि त्या पाखरांसाठी तलावात पाणी राहील हे पाहणे, हे आपणा सर्व नागरिकांचे.